आया सोफियाची ओटी

सातारा, २० ऑगस्ट १९९९

चि. सौ. मृणालिनीस सत्यभामेचे अनेक आशीर्वाद.

मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला, सुजीत सुखरूप आहे म्हणालीस, आणि मी तिथेच बसकण मारली. सकाळी इस्तंबूलच्या भूकंपाची बातमी लागली तेव्हा तुझे सासरे दाढी करत होते, ती तशीच अर्धी राहिली. माझा लेक तिथे कंपनीच्या टाइल्स विकायला गेलेला, आणि फोन काही लागेना.

गणपतीला साकडं घातलंच. पण मनात आलं, त्या गावची देवी त्याला जवळ पडेल. ह्यांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, की तिथे आया सोफिया म्हणून दीड हजार वर्षांचं थोर ठिकाण आहे, आणि आत उंच भिंतीवर मांडीत बाळ घेतलेली आई आहे. म्हटलं, बाई, तू लेकुरवाळी, माझं लेकरू सांभाळ, मी तुझी ओटी भरीन. तोवर चहा सोडला.

आता हे सांगतात, ते देऊळ नव्हे. आधी चर्च होतं, मग मशीद झाली, आता म्युझियम आहे, आणि सोफिया म्हणजे कुणी बाई नसून ज्ञान. हे आधी नाही का सांगायचं? बोलले ते बोलले. सुजीत पुन्हा जाईल तेव्हा ओटी नेईल एवढं बघ. लोभ आहेच, पण हे काम आधी.

सत्यभामा


अल नहदा, शारजा, ३ सप्टेंबर १९९९

ती. सौ. आईंना सा. न. वि. वि.

सुजीत ठीक आहेत. इमारतीची लिफ्ट दणकली तरी दचकून उभे राहतात, पण जेवण-झोप व्यवस्थित. त्या पहाटे सगळं हॉटेल चादरी गुंडाळून रस्त्यावर बसलं होतं, एवढंच सांगतात. जास्त मी विचारत नाही.

नवसाचं ऐकून आधी हसले, मग चिडले. म्युझियममध्ये नारळ नेला तर मला आत टाकतील म्हणाले. अवनी तर काय, "आजी कान्ट डू दॅट!" म्हणून मोकळी झाली. त्यांचं म्हणणं, दुबईच्या देवळात ओटी भरू आणि खलास. ऑक्टोबरमध्ये त्यांना परत जायचंय, पडलेली घरं पुन्हा बांधायची म्हणून रास अल खैमाच्या फॅक्टरीला तिकडून ऑर्डरी आल्यात. मला मात्र रजा नाही, आणि ओटी तर सुवासिनीने भरायची. पुरुषमाणूस कशी भरणार?

बाबा फोनवर म्हणाले तुमचं डोकं दुखतं. आई, निदान अर्धा कप घ्या ना. मायेत अंतर नसू द्या.

तुमची, मृणालिनी


सातारा, १६ सप्टेंबर १९९९

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

एकीचा नवस दुसरीकडे फेडत नसतात. सुजीतला कळत नसेल, तुला तरी कळावं. नवस अंगावर ठेवून तो पुन्हा त्याच गावात जाणार, या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. आहे हे असं आहे.

हे सांगत होते, बांधल्यावर थोड्याच वर्षांत तो घुमट भूकंपाने कोसळला, तो पुन्हा चढवला, आधीपेक्षा उंच. पुढे तुर्कांनी बाहेरून मोठाले धिरे लावून त्याला सावरलं. त्या आईवर चुन्याचे थर बसले, पण त्याखाली तिचं रूप शाबूत राहिलं, या शतकात ती पुन्हा उजेडात आली. इतकं सोसलेली बाई आपल्या खणानारळाला नाक मुरडेल होय?

शेजारचा नागेश दुबईला निघालाय, त्याच्याबरोबर खण आणि तांदूळ धाडते. नारळ तिकडचा घे. भरायचं कोणी, ते तीच बघेल. तुम्हा तिघांची दृष्ट काढते.

सत्यभामा


अल नहदा, २४ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. आईंना सा. न. वि. वि.

आई, नवस फिटला!

सुजीत अष्टमीलाच तिथे गेले. दारात पिशवी तपासली, नारळ बघून पहारेकऱ्याने हटकलं. तिकीटखिडकीवरची बाई मध्ये पडली, खतीजा नाव तिचं, तिला थोडं इंग्लिश येतं. हे लाजत लाजत बोलले, की माझ्या आईने भूकंपाच्या दिवशी आतल्या आईला शब्द दिलाय. खतीजाचं घर त्याच दिवशी पडलं होतं, आणि तिचं दोन वर्षांचं पोर ढिगाऱ्याखालून दुपारी निघालं होतं, जिवंत.

तिने खिडकी बंद केली आणि यांना आत नेलं. आत मधोमध घुमटापर्यंत परांची लावलीय, तिच्या बाजूने वर बघितल्यावर निळ्या वस्त्रातली आई दिसते. खाली काही ठेवायची परवानगी नाही. मग खतीजाने आपल्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला, जसा आपण पदर धरतो, आणि यांना खुणेने घाल म्हणाली. घरी देवापुढे कधी हात न जोडणारा तुमचा मुलगा तिथे रडला, हे त्यांनीच सांगितलं.

निघताना तिने पिशवीत मूठभर तांदूळ परत टाकले आणि वर सुकी अंजिरं भरली. रिकामी पिशवी परत करायची नाही, असं तिची आई सांगायची म्हणे. अंजिरं परत निघालेल्या नागेशबरोबर पाठवतेय. आता चहा घ्या, तुम्हाला माझी शपथ.

तुमची, मृणालिनी


सातारा, १५ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

अंजिरं पोचली. सवाष्णीने ओटीतले चार दाणे परत द्यायचे असतात, हे त्या बाईला कोणी शिकवलं गं? पहिला चहा अंजिराबरोबर घेतला. ह्यांनी पाठोपाठ दोन कप घेतले आणि मला घुमटाची उंची सांगत बसले.

पण शुक्रवारी तिकडे पुन्हा भूकंप झाला. सुजीत तुझ्याजवळ घरी आहे, मला ठाऊक आहे. तरी बातमी ऐकताना हातातली कपबशी खाली ठेवली ती ठेवलीच. चहा पुन्हा सुटलाय, हे फोनवर सांगायला लाज वाटली म्हणून लिहिते. त्या खतीजाची काही खबर लागते का बघ. अंजिरांनी तिने माझी ओटी भरली, आता ती माझी माहेरची झाली.

सत्यभामा


अल नहदा, २६ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. आईंना सा. न. वि. वि.

पत्र हातात पडताच सुजीतनी तिकडच्या गिऱ्हाइकाला फोन केला, त्यांचा माणूस खिडकीपर्यंत जाऊन आला. खतीजा बसली होती. या खेपेला तिच्या भागात नुसते हादरे बसले. पोरगं शेजारी बसून तिकिटं फाडत होतं म्हणे.

आई, चहा ठेवा.

तुमची, मृणालिनी