गुळाचं बोट

तान्हा पोळा, संध्याकाळ. अमरावती.

आज भातकुलीहून सिंधू आली होती. बोलणाऱ्या बाळांच्या आमच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात तिचा गोलू होता. त्याच्या ओठाला गुळाचं बोट लावायचं, तो मिटक्या मारायचा आणि त्यावर मी आवाज द्यायचे. मोठ्या माणसाचे विनोद, बाळाच्या तोंडी. हा भाग थेट सीडीवर आला आणि पडला. दुकानदारांनी गठ्ठे परत केले. दिग्दर्शक रमेशभाऊ म्हणतात, "यंदा लोकाईपाशी हसाची ऐपत नाही." छे! सिनेमाच भिकार होता. मीही भिकारच बोलले.

गोलू आषाढात तापानं गेला. मला आज कळलं. कधी विचारलंच नाही, मग कळणार कसं?

मी टीव्हीवर ती सीडी लावली. सिंधूनं विचारलं, "ताई, त्याचा सोताचा आवाज कुठी हाय का? रडलेला बी चालते."

रडायचा ना तो. गूळ संपला की दरवेळी. कॉमेडीत रडणं कशाला म्हणून रमेशभाऊंनी सगळं पुसायला लावलं. हे तिला कोणत्या तोंडानं... नुसतं नाही म्हटलं.

"मंग तुमचा आवाज बंद करा," ती म्हणाली.

केला. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत ओरडत होती. पडद्यावर गोलूचे ओठ हलत होते. माझे सगळे विनोद मला पाठ, पण एकही त्या ओठांवर बसेना.

सिंधूनं काचेवरच त्याच्या ओठांना बोट लावलं.

"पाहा ताई, गूळ मांगून राह्यला."