भावजी सापडले तेव्हा

प्रिय धाकटी,

तुझा निरोप मिळाला. मुलांचा खोकला गेला, बरं झालं. शाळेच्या एका खोलीत इतकी कुटुंबं म्हणजे एकाला शिंक आली की सगळ्यांनी रुमाल काढायचे. मी ठीक आहे. रोपवाटिकेत ह्यांच्या जागी मला घेतलंय. पिशव्यांत माती भरते, रोपांना पाणी घालते. साहेब म्हणतात, वहिनी, जमेल तेवढंच करा. पण हात थांबले की मान आपोआप दरडीकडे वळते, म्हणून मी थांबत नाही.

ह्यांचं चालणं तुला माहीतच आहे. डोंगरावर रोपं लावायला निघाले की हे पार वर पोहोचलेले आणि भावजी अजून खालच्या वळणावर कुणाशी तरी गप्पा ठोकत उभे. तू म्हणायचीस, आमचे हे पोहोचेपर्यंत रोपाचं झाड होईल! वरचं जुनं जंगल तोडून डोंगर बोडका केला, तेव्हा हे म्हणाले होते, आता मुळं धरायला वीस वर्षं पाऊस बेतानं पडला पाहिजे. पाऊस कुठला बेतानं पडतोय? पूर्वी महिनाभरात पडायचा तेवढा दोन दिवसांत कोसळला, आणि रोपं तर जेमतेम कमरेएवढी. लोकांना खाली आणायला दोघं भाऊ गेले, तेव्हाही हे पुढे, सगळ्यात वरच्या घरापाशी. भावजी रेंगाळत मागे. म्हणून भावजी मातीच्या कडेला गाडले गेले आणि ह्यांच्यावर सगळा डोंगर आला.

सापडले, सापडले अशी ओरड झाली तेव्हा मी अनवाणी धावले. तू माझ्या मागे होतीस. भावजींचा चेहरा दिसला आणि तू खाली बसलीस, मी तुला धरलं. मोठीनं धाकटीला कसं सावरलं, असं लोक अजून सांगतात. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की हिचाच का सापडला? मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी दप्तर घेऊन शाळेत जायचे. त्यांना हाका मारमारून उठवण्यात माझ्या किती सकाळी गेल्या. त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. राग आला, तोही तुझा.

तेव्हापासून तुझ्या प्रत्येक गोष्टीचा मला हेवा वाटतो. तू त्यांचा चेहरा धुतलास. त्यांना माती देऊन कुठे ठेवलंय ते तुला ठाऊक आहे. कपडे वाटून टाकलेस. मी ह्यांचा एक बनियनसुद्धा हलवलेला नाही, परत आले तर ओरडतील. शिंपी ह्यांची पँट शिवून बसलाय, मी रस्त्यानं जाताना दिसले की शिलाई मशीनवर मान खाली घालतो. भावजी फार चांगले होते, असं लोक तुला म्हणतात. माझ्यापाशी ह्यांचा विषय निघाला की ‘फार चांगले’ इथेच थांबतात. पुढे ‘होते’ म्हणायचं की ‘आहेत’, ते कुणालाच कळत नाही. तुला लोक बिचारी म्हणतात आणि मला हट्टी.

हट्टी का म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. इंजिनीअर मला दोनदा सांगून गेले, की ह्यांना शोधायला खणलं की उतार आणखी सैल होतो, तो आता तसाच सोडून गवत आणि झाडं लावली पाहिजेत. तोवर खालच्या घरांत कुणाला राहता येणार नाही. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. एका माणसापायी किती जणांना उघड्यावर ठेवणार, असं दुकानदारीण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. खालचं पहिलं घर तुझं. तू मात्र अवाक्षर काढलं नाहीस. एकदा कडाकडा भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू गप्प राहिलीस आणि मी मनात म्हणत राहिले, हिला हिचा माणूस मिळाला, घर नाही मिळालं तर काय बिघडलं.

परवा अवेळी पाऊस झाला. खणलेल्या जागेखालचा मातीचा एक मोठा थर दोघा भावांनी लावलेल्या रोपांसकट घसरला आणि तुझ्या मागच्या अंगणात येऊन पडला. मुलं जिथे अंघोळ करायची तो दगड दिसेनासा झाला. मी वर उभी राहून बघत होते. मुलं तिथे असती तर, हा विचार आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की मग आपण दोघी सारख्या झालो असतो. धाकटे, हा विचार मी केला. मुलांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या मी. मला माझीच भीती वाटली. खोदकामाच्या मशीनवाल्यानं हात धरून खाली बसवलं.

काल मी इंजिनीअर साहेबांकडे जाऊन सांगितलं, खोदकाम थांबवा, मशीन खाली आणा. ह्यांना आता तिथेच राहू दे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहायला बसले. उपकार केले असं मानू नकोस, कारण मला त्या बदल्यात काहीतरी हवंय. भावजींना ठेवलंय तिथे मला येऊ दे. आजवर मी तिकडे फिरकले नाही, तुझं सुख बघवणार नाही असं वाटायचं. तू शेजारी बस, नाहीतर मला एकटीला बसू दे, तुझी मर्जी. फक्त मला रडू फुटलं, तर ते दोघांपैकी कुणासाठी आहे, हे विचारू नकोस. तुझ्या माणसापाशी मला तेवढी जागा दे.

तुझीच,
मोठी