सायीवरची काजळी

आई, काल सोसायटीच्या कार्यक्रमात सेक्रेटरींनी भाषण केलं. आपल्या इमारतीमागच्या आयटी कंपनीच्या जनरेटरचा प्रश्न आपण किती सामोपचारानं सोडवला, ते रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मला शिसारी आली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगावं असं दुसरं कोणी आठवेना.

तेव्हा कर्वेनगरात बंगले पाडून ऑफिसं उभी राहत होती आणि वीज रोज जायची. वीज गेली की त्यांचा डिझेल जनरेटर असा धडधडायचा, की फडताळातल्या कपबशा वाजायच्या. सगळ्यांनी तक्रार केली, तेव्हा कंपनीनं मोठा सायलेन्सर बसवला. आवाज खरंच गेला, नुसती घरघर उरली. धुराड्याचं तोंड मात्र आपल्या स्वयंपाकघरासमोरच राहिलं. तुझा दमा वाढला. खिडकी लावून घामानं निथळत तू पोळ्या करायचीस, तरी ओट्यावर बोट फिरवलं की काळं व्हायचं. एका सकाळी दुधाच्या सायीवर काजळीचे कण दिसले. तू पातेलं तसंच झाकून ठेवलंस.

संध्याकाळी सभा होती. कंपनीच्या मॅनेजरचा सत्कार करायला बोलावलेली! शाल, नारळ, सगळं तयार. आणि तू पातेलं घेऊन उभी राहतेस. सेक्रेटरी पातेल्यात डोकावतात आणि म्हणतात, "बाई, गाळून घ्या की."

"अहो, गाळणी त्यांच्या धुराड्याला लावायची, की माझ्या दुधाला?"

"आता आवाज येतो का? मग झालं तर."

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली तू, दम लागत असतानाही वर्गात सांगावं तसं सांगू लागतेस. इंजिनातून धूर धक्क्याधक्क्यानं बाहेर पडतो, म्हणून तो धडधडाट. सायलेन्सर म्हणजे पत्र्याचा डबा, आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या. आवाजाच्या लाटा त्या भिंतींवर आपटून उलट फिरतात, मागून येणाऱ्या लाटांना भिडतात आणि एकमेकींना मारतात. "मरतो तो आवाज. धूर आहे तसाच पुढे जातो. त्याला अडवलं तर इंजिन गुदमरेल. आणि इंजिन गुदमरून कसं चालेल? मी आहे ना त्यासाठी."

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. ज्यांच्या पोरांना तू फुकट शिकवलंस, त्यांच्यापैकीच एकजण. "धुराडं गच्चीच्या वर न्या, एवढंच मागते," तू म्हणालीस. "नोट करतो, मॅडम," मॅनेजर म्हणाला आणि शाल घ्यायला पुढे वाकला. घरी येऊन तू दूध मोरीत ओतलंस आणि पातेलं घासत बसलीस. मी घासते म्हटलं, तर हात झटकलास.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीनं आपल्यासमोरच्या मजल्यावर स्वतःचं कॅन्टीन काढलं. धूर त्यांच्या चहात शिरायला लागला. आठवड्याच्या आत धुराडं गच्चीच्या वर गेलं. थोडा पाइप आणि एक वेल्डर, इतकंच काम होतं ते, आई. मॅनेजरचा पुन्हा शाल-नारळ देऊन सत्कार झाला.

हे पत्र पाठवता येत असतं, तरी मी पाठवलं नसतं. ते काम किती सोपं होतं, हे तुला कधी कळलं नाही, याचं मला बरं वाटतं.