पिलांसाठी मौन

करांगवुनी, ता. ३ जुलै

ती. सुमिनी मावशीस, प्रामुजीचा सलाम वि. वि.

मागची सगळी पिलं पांढऱ्या हगवणीने गेली, हे तुला ठाऊक आहेच. त्यावर वुर्यानीचे वडील पाक तुगिरान म्हणाले, की ज्याला कोंबडी जगवता येत नाही त्याला मुलगी कशाला देऊ. म्हणून यंदाची पिलं जगलीच पाहिजेत.

शेतकी खात्याच्या बाई सांगतात, की पाण्यातून चांगले जंतू पाजले तर ते आतड्यात आधी पाटावर बसतात आणि वाईट जंतूंना पंगतीत जागा उरत नाही. म्हणून मी तू करतेस तसा कसावा आंबवून मडक्यात तापे घातलं आहे. त्याचं पाणी पिलांना द्यायचं. तापे घालताना बोललं तर ते बिघडतं, असं तू सांगितलं होतंस. मी परवापासून अवाक्षर काढलेलं नाही.

काल पाक तुगिरान स्वतः आले. मी चहा दिला, मान लववली आणि गप्प बसलो. ते दुपारभर बोलले. मुलीला कसं सांभाळशील, असंही विचारलं. मी मडक्याकडे पाहिलं. आता काय होईल? जीव टांगणीला लागला आहे.

कळावे. माझ्यावर आहे तेवढा लोभ पिलांवरही असावा.

तुझा भाचा
प्रामुजी

सालातिगा, ता. ८ जुलै

चि. प्रामुजीस अ. उ. आ.

अरे शहाण्या, खमीर भुरभुरवून झाकण लावेपर्यंतच गप्प बसायचं असतं. दिवसचे दिवस मौन कोणी सांगितलं तुला? मी गिऱ्हाइकांशी भांडत तापे विकते, तरी ते गोडच राहतं.

पिलांना ते पाणी चमचाभरच दे, तेही वास गोड असेतो. उग्र वास आल्यावर पाजलंस तर झिंगतील, आणि मग मशिदीतल्या बुवांना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

तुगिरानला मी लहानपणापासून ओळखते. त्याचं बोलणं मधे न तोडता ऐकणारं माणूस त्याला घरातसुद्धा मिळालं नाही. तेव्हा घाबरू नकोस, वेळेवर जेवत जा.

पोटात चांगले जंतू आणि मनात मावशी असू दे.

सुमिनी

करांगवुनी, ता. २६ जुलै

ती. मावशीस सलाम वि. वि.

पिलं जगली. एक लंगडतं, बाकी सगळी ठणठणीत आहेत. मधे एकदा पाणी जरा उग्र झालं होतं. त्या दुपारी काही पिलं भिंतीला टेकून बसली आणि एक बादलीशी भांडलं. बुवांना कळलं नाही.

काल पाक तुगिरान वुर्यानीला घेऊन आले. आता बोलायची मोकळीक होती, म्हणून मी त्यांना पिलांची विष्ठा सविस्तर समजावली. ते फणसाची भाजी खात होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, की मागच्या वेळी भेटलेला मुलगा बरा होता. तरी खुराड्यात वाकले, एक पिलू उचलून शेपटाखाली नीट निरखलं, आणि होकार दिला. अट एकच: लग्नाच्या जेवणावळीत हा विषय काढायचा नाही. मी कबूल केलं.

ते पुढे निघाल्यावर वुर्यानी मागे रेंगाळली. तिने हळूच विचारलं, की पांढरी आणि हिरवी यांत जास्त वाईट कोणती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वडिलांनी दोनदा हाक मारली तरी ती हलली नाही.

लग्नाला ये. कळावे, लोभ आहेच. तो आता दोघांत वाटून घेऊ.

तुझा
प्रामुजी