देवमाशाचा वाटा

अल कुसैस, दुबई
१८ मे २०२५

ती. हेमाताईस,
अनुराधाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बोटं दुखली तरी सविस्तर लिहिते. तन्मयचा साखरपुडा छान झाला, लग्न डिसेंबरात. होणारी सून एलिन युरोपच्या उत्तरेकडच्या फॅरो बेटांवरची. तन्मयच्याच कंपनीत, शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, जहाजांच्या इंजिनांचं काम बघते. आई नाही, फक्त वडील. गोड आहे गं. वरणभात हाताने खायला शिकली आणि भात मनगटापर्यंत आला की स्वतःच हसते.

तू बजावलंस तसं मी वचन घेतलं. तिच्या गावी होड्यांनी देवमाशांचा कळप खाडीत वळवतात आणि किनाऱ्यावर मारतात. तिचे वडील हान्सही पाण्यात उतरतात. मी व्हिडिओ पाहिला, समुद्र लाल झाला होता. म्हणून ह्यांच्या ऑफिसच्या मंडळींसमोरच तिला म्हटलं, की आमच्या घरात अंड्यापलीकडे कधी काही शिजलं नाही. ते मांस यापुढे कुठेही खाणार नाहीस, असं देवापुढे सांग. ते विकत नाहीत, प्रत्येक घरी वाटा जातो, म्हाताऱ्यांकडे आधी, असं ती सांगू लागली. मी म्हटलं, वर्णन नको. तिने हो म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
अनु

वाई
४ जून २०२५

चि. सौ. अनुराधास,
अनेक उ. आ.

शाब्बास. पांचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी नाव विचारलं तरी रडणारी तू, आणि आता भर सभेत वचनं घेतेस. तुझे दत्तप्रसादराव कोंबड्यांच्या उबवणी केंद्राचे मुख्य झाले, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. पिल्लांना जन्म देण्याचं काम, याहून चांगली नोकरी कोणती? व्याह्यांच्या शर्टाचं माप कळव. शिवून घेते. तिकडचे लोक आडवे असतात म्हणतात.

तब्येत सांभाळ. आठवण ठेवत जा.
तुझी,
हेमाताई

अल कुसैस
२४ ऑगस्ट २०२५

ती. हेमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचलंस की फाडून टाक.

एलिन जुलैत घरी गेली होती. त्याच आठवड्यात गावाला देवमासा मिळाला. हान्सनी तिचा वाटा काढून ठेवला, तिने वचन सांगून ताट सरकवलं. ते उठले. तो वाटा शेजारी देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, माझं अन्न जिथे पाप आहे त्या घरी मी लग्नाला येणार नाही. हे मला तन्मयने सांगितलं. वर इंग्रजीतच म्हणाला, आई, यू आस्क्ड फॉर इट.

 एलिन परत आल्यावर फक्त ह्यांचं काम बघायचंय म्हणाली. तिकडे मुलं बापाचं काम बघतच मोठी होतात म्हणे. मीही इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. थालीपिठं बांधून घेतली, सहलीला निघाल्यासारखी.

ह्यांच्या केबिनच्या काचेतून खालचा हॉल दिसतो. नुकतीच बाहेर आलेली पिल्लं पट्ट्यावरून येत होती, काही तांबूस, काही पिवळी. कामगार ती भराभर वेगळी करत होते. तांबूस पेट्यांत जात होती. पिवळी टोकाच्या यंत्रात पडत होती. मला वाटलं, तिथे मोजत असतील. विचारलं, तर हे चहा ढवळत म्हणाले, "नर आहेत ते. अंडी घालत नाहीत, त्यांचा काय उपयोग? दळून निघतात. क्षणात होतं."

हे कोणाच्या वाट्याला जातं, असं एलिनने विचारलं. कोणाच्याच नाही, लॉरी घेऊन जाते, असं हे म्हणाले.

ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. परतताना गाडीत तिने माझा हात धरून ठेवला, तेच सोसवेना. थालीपिठं तशीच घरी आली.

ताई, मेसमध्ये आपण किती ऐटीत सांगायचो, वुई ओन्ली टेक एग्ज. मटण खाणाऱ्या मुलींच्या बाकावर बसायचोसुद्धा नाही. देवमासा मारणं मला अजूनही बघवत नाही. पण हान्स त्या पाण्यात उभे असतात, आपण काय केलं ते त्यांना माहीत असतं. मला माहीतही नव्हतं, आणि वचन मी घेतलं.

आता काय करू, ते सांग.
तुझी,
अनु

वाई
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अनुराधास,
अनेक उ. आ.

वचन घ्यायला मीच लावलं, तेव्हा अर्धी लाज माझी. पण आता गाजावाजा नको. एलिनच्या कानात सांग, की वचन सुटलं. खलास. दत्तप्रसादरावांना काही कळू देऊ नकोस. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, या वयात त्यांना खाली बघायला लावू नकोस.

पत्र फाडलं. काळजीत आहे, लवकर लिही.
हेमाताई

अल कुसैस
२९ सप्टेंबर २०२५

ती. हेमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला गेले, पण जमलं नाही. एलिन म्हणाली, तुम्ही वचन सगळ्यांसमोर घेतलंत आणि लागलं माझ्या वडिलांना, तर त्यांना सांगा. म्हणून काल तन्मयने व्हिडिओ कॉल लावून दिला. पाठ केलेलं कॉन्व्हेंटचं इंग्रजी जागच्या जागी विसरले. तरी सांगितलं सगळं, पिल्लांचंही. हान्स टोपी घालून ऐकत होते. तुमचे यजमान घरी आहेत का, असं त्यांनी विचारलं. आतल्या खोलीत आहेत, म्हटलं. तर म्हणाले, मग त्यांना शेजारी बसवून पुन्हा सांगा, लपून मागितलेली माफी मी घेत नाही.

ह्यांना बोलावलं. ज्या पगारावर हे घर उभं राहिलं त्याची मला लाज वाटते, हे ह्यांच्यासमोर, परक्या माणसाला सांगितलं. मला वाटलं, हे उठून जातील. हे बसून राहिले. मग हान्सना म्हणाले, "मी त्या यंत्राजवळ कधी गेलेलो नाही. माझी खुर्चीसुद्धा काचेकडे पाठ करून ठेवली आहे."

आज सकाळी हे नेहमीसारखे कामावर गेले. दुसरं काय करणार?

हान्स येणार आहेत. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, तुम्ही रोज खाता तेच वाढा, असं म्हणाले. कॉल संपल्यावर ह्यांनी मला हळूच विचारलं, काय वाढशील? मी फ्रीज उघडला, अंड्यांचा ट्रे बाहेर काढला आणि तसाच परत ठेवला.

शर्टाचं माप तन्मय कळवेल. चुकलेल्या बहिणीवरची माया कमी करू नकोस.
तुझी,
अनु