आक्काच्या मानेतली गाठ

३ फेब्रु.
आक्काला अणदूरहून धाराशिवला आणलं. मानेला लिंबाएवढी गाठ. दोन महिने पदराखाली झाकून शाळेत खिचडी शिजवत होती. मला, सख्ख्या बहिणीलाही पत्ता नाही. सर्जननं तुकडा काढला. तो आमच्याच लॅबला. रोज लोकांचे तुकडे कापते, आज आक्काचा.

५ फेब्रु.
मेणात बसवून काप काढले, रंगवले. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना सांगितलं, बहिणीची स्लाइड आहे. बस म्हणाल्या. मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहिली. मग, "कॅन्सर नाही. टीबीची गाठ. ये, बघ."
अकरा वर्षं स्लाइडी रंगवतेय, अशी कधी पाहिली नव्हती. मधे मेलेला गुलाबी चुरा. भोवती शरीराच्याच मोठ्या राखण्या पेशी. जंतू गिळलाय, पचत नाही, तरी सोडत नाहीत. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. काही तर मिसळून एकच झालेल्या. बाहेरून लिम्फोसाइट या लहान पेशींचं जांभळं कडं, आतल्यांना जोर पुरवणारं. मॅडम म्हणाल्या, या नसत्या तर जंतू अंगभर पसरला असता. पण याच घेऱ्यात तो लपूनही राहतो म्हणे.
कुणी शिकवलं यांना?

६ फेब्रु.
आक्काला सगळं सांगितलं. रडली नाही. "एवढं माझ्या मानंत चाललं व्हतं, आन मी पोरान्ला खिचडी वाढत व्हते?" गोळ्या सुरू. या गाठीनं दुसऱ्याला लागण होत नाही, म्हणून लगेच कामावर जायचं म्हणते.

२८ मार्च
गाठ वाढली. गोळी एकही चुकलेली नाही, पाकिटं स्वतः पाहिली. डॉक्टर म्हणाले, औषधानं जंतू मरायला लागले की पेशी कधी कधी जास्तच चवताळतात, त्यानं सूज येते. नाहीतर औषध लागू पडत नसेल. पू काढून कल्चरला पाठवलाय, जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायला. काही आठवडे लागतील.
डॉक्टरांचं पहिलंच कारण खरं असू दे.

३० मार्च, अणदूर
रविवार. गोळ्यांनी आक्काची अन्नावरची वासना गेलीय. ताटासमोर नुसती बसून होती. मग विचारलं, "त्या पेशी दमत आसतील का गं?"
तिनं ताट पुढं ओढलं. हळूहळू दीड भाकरी खाल्ली.
"त्यास्नी बी खायाला लागत आसंल," म्हणाली.