सुलट बाजूचं ठिगळ

मृत्युपत्र लिहून ठेवणार : पंचफुला बुधाजी रायबोले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवण व सांधकाम, मूळ राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती. सध्याचा मुक्काम मुलाच्या फ्लॅटमध्ये, दुसरा मजला, शेगाव नाक्याच्या अलीकडे, अमरावती.

कारणे लिहून ठेवते की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे आणि गुडघे सोडले तर शरीराची तक्रार नाही. समोरच्या घरात राहणारे खुशालराव गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले आहेत. या कागदाची कायदेशीर भाषा त्यांनी मला लिहून पाठवली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इथे "कोणाच्याही दडपणाखाली नसताना, राजीखुशीने" असं लिहावं लागतं. तसं लिहिते. मात्र हे लिहीत असताना बाहेरच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या सुनेच्या, भावनाच्या, पर्समध्ये तिच्या शाळेत गेलेली आहे, हेही त्याच ओळीत नमूद करते. दडपण आणायला आत्ता घरात माझ्याशिवाय कोणी नाही.

बुद्धीचं मी जरा ठासून लिहिलं, त्याला कारण आहे. माझा एकुलता एक मुलगा धर्मेंद्र शेजारपाजारी सांगतो की आईला आता काही सुधरत नाही, म्हणून कुलूप लावावं लागतं. मला सगळं सुधरतं. कुलूप कधी लागलं आणि कशासाठी लागलं ते पुढे कलम दोनमध्ये लिहिलं आहे. ज्याला शंका असेल त्याने ते वाचून ठरवावं.

कलम एक. दर्यापूरला एसटी स्टँडच्या मागे माझं दोन खोल्यांचं टिनाचं घर आहे. ते स्वकष्टार्जित असून नगरपालिकेत माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती बुधाजी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांच्या मजुरीत आमचं पोट भरलं आणि धर्मेंद्रची शाळा झाली, घर मात्र माझ्या सुईतून उभं राहिलं. मी स्टँडच्या भिंतीला टेकून बसत असे. प्रवाशांच्या फाटक्या पिशव्या, शेतावर जाणाऱ्या बायांची लुगडी, पोरांच्या चड्ड्या, जे येईल ते सांधून देई. फाटलेलं मी कधी लपवलं नाही. फाट असेल तिच्यावरून लाल-हिरव्या दोऱ्याने वेल काढायची, भोक असेल तर त्याच्याभोवती फूल. ठिगळही सुलट बाजूने लावायचं, चारचौघांना दिसेल असं. एसटीच्या कंडक्टरांना तेवढा खाकी दोरा, कारण त्यांच्या पँटच्या मागे फूल काढलं असतं तर बिचाऱ्यांना गाडीत वाकता आलं नसतं. बायका तर मुद्दाम सांगून वेल काढून घेत.

ते घर विकायला धर्मेंद्रने गिऱ्हाईक आणलेलं आहे. माझी सही तेवढी हवी आहे. तो म्हणतो, सही कर, मग तुला चार दिवस दर्यापूरला नेऊन आणतो. मी विचारलं की घर विकल्यावर दर्यापूरला राहायचं कुठे, तर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. सही मी केलेली नाही आणि करणार नाही.

कलम दोन. हे कलम मालमत्तेचं नाही, पण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

बुधाजी गेल्यावर धर्मेंद्रने मला इथे आणलं. त्यात त्याचं प्रेम होतं, ते मी नाकारत नाही. तो वाईट मुलगा नाही. माझ्यासाठी मोर्शीची संत्री आणतो, गुडघ्याचं तेल आणतो, आजारपणात रजा काढतो. पण दिवसभर भिंती बघून माझा जीव घाबरा होई. मग मी खाली गेटजवळ शालूच्या इस्त्रीच्या गाडीपाशी जाऊन बसू लागले. शालू कपड्यांना इस्त्री करते. तिच्याकडे येणारे कपडे कुठे ना कुठे उसवलेले असतात. ती इस्त्री फिरवी, मी सुई. पुन्हा दर्यापूरच्या स्टँडवर बसल्यासारखं वाटे आणि रात्री झोप लागे.

एके दिवशी एक गृहस्थ कोट घेऊन आले. अस्तर फाटलं होतं. मी त्यावर पिवळ्या दोऱ्याने साखळी टाका घातला. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी मला नाव-गाव विचारलं, आणि मी कौतुकाने मुलाचं नाव सांगितलं. ते धर्मेंद्रचे साहेब निघाले. ऑफिसात त्यांनी त्याच्यापाशी माझं चांगलंच सांगितलं असेल, कोटाची तारीफही केली असेल, पण त्याने काय ऐकलं ते त्यालाच माहीत. संध्याकाळी घरी आला तो चपला न काढता माझ्यासमोर उभा राहिला.

"माय, माह्या आज्याले लोकं मुर्द्यावरचं कापड देत. तेच शिवून घाले तो. म्या इतकं शिकलो, नोकरी केली, ते काय तू रस्त्यावर बसून लोकायच्या चिंध्या शिवून राहिली हे पाहाले?"

मला राग आला नाही. जे तो बोलला ते खरंच आहे, आणि ते मी त्याच्यापेक्षा जवळून पाहिलेलं आहे. मी म्हटलं, "माही माय ठिगळ आतून लावे. कोणाले दिसू नये म्हून. जलमभर अंग चोरून चालली ते. म्या भायेरून लावलं. ज्याले पाहाचं त्यानं पाहावं."

"दिसते, माय," तो म्हणाला. "तेच त सांगून राहिलो. दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून किल्ली फिरल्याचा आवाज आला. आधी मला वाटलं चुकून झालं. संध्याकाळी म्हणाला, तुझे गुडघे, जिना, गॅस, उगाच काळजी नको. पुढे गॅलरीला लोखंडी जाळी बसली, ती म्हणे कबुतरांसाठी. कबुतरं आजही आत येतात. त्यांच्यामागे मी गॅलरीत जाते तेव्हा जाळीच्या पलीकडे लिंबाचं झाड दिसतं. आजवर मी कुठेही गेले तरी परत येईनच असं समजून गेले. आता जायलाच मिळत नाही, तर परत कुठून येणार, हा विचार दुपारी फार छळतो.

गुरुजी म्हणाले, पोलिसात सांगू. मीच नको म्हटलं. ज्या नोकरीसाठी आम्ही दोघं झिजलो तिला माझ्या हाताने डाग लावणार नाही. फोन माझ्याकडे आहे. त्यावरून धर्मेंद्रशी बोलता येतं, "जेवली का" असं तो रोज विचारतो, पण दाराचा विषय निघाला की त्याला मीटिंग असते.

कलम तीन. जाळीला कुंड्यांना पाणी घालण्यासाठी एक चौकोनी खिडकी ठेवलेली आहे. तिच्यातून टोपली जाते, माणूस जात नाही. भाजीवाल्या जमुनाबाईकडून भाजी घ्यायला भावनाने ती टोपली आणि सुतळी ठेवली होती. कुलूप लागल्यानंतर शालूने खालून हाक मारली, "आजी, हाय ना?" मी "हाव" म्हटलं. तिने सुतळी ओढायला सांगितली. टोपलीत एका लेकराचा उसवलेला युनिफॉर्म होता आणि वर दोन गरम भजी.

तेव्हापासून ती रोज हाक मारते, सुटीच्या दिवशीसुद्धा. कपडे वर येतात, मी सांधते, मुलगा-सून यायच्या आत खाली जातात. मागे ताप चढला आणि मी "हाव" म्हटलं नाही, तेव्हा तिने गाडीवरची इस्त्री तशीच टाकून भावनाची शाळा गाठली आणि किल्ली आणवली. त्या दिवशी मी वाचले ती त्या हाकेमुळे.

सबब, माझ्या पश्चात कलम एकमधील दर्यापूरचं घर, त्यातलं पायाचं मशीन, कात्र्या व दोऱ्याची पेटी यांसह, शालू हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावं. धर्मेंद्रला स्वतःचं घर आहे. शालू भाड्याच्या खोलीत राहते आणि तिचं माहेर दर्यापूर तालुक्यातलंच आहे. अट एकच. घराचं पुढचं दार दिवसा उघडं राहील आणि ज्या बाईला तिथे बसून काही सांधायचं असेल तिला कोणी ऊठ म्हणणार नाही. शालूला मिळकत मिळत असल्यामुळे ती या कागदावर साक्षीदार नाही. ही काळजी गुरुजींनी घेतली आहे.

कलम चार. पलंगावरची निळी चादर सौ. भावना हिला द्यावी. ती चादर चार ठिकाणी विरली होती आणि मी तिच्यावर टाक्यांचे मासे काढले. भावनाच्या शाळेतल्या बाईंनी ती पाहून कुठून घेतली असं विचारलं, तेव्हा भावनाने नागपूरच्या प्रदर्शनातून असं सांगितलं. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. सूनबाईचं म्हणणं मी खोटं पाडत नाही. फक्त चादरीच्या कोपऱ्यात मी माझं नाव टाचून ठेवलं आहे, ते तिने उसवू नये.

कलम पाच, माझ्या देहाविषयी. माझं पांढरं लुगडं, निळ्या काठाचं, ट्रंकेत वरच ठेवलेलं आहे. धम्मचक्र दिनाच्या गर्दीत ते पदराजवळ फाटलं आणि तिथेच पायरीवर बसून मी त्यावर निळ्या दोऱ्याने पिंपळाची पानं काढली. मला तेच नेसवावं. बाजारातून नवं कापड आणून माझ्यावर घालू नये. धर्मेंद्र, तुझ्या आज्याचं तू बोललास ते माझ्या ध्यानात आहे. माझ्या अंगावरून उतरलेलं कापड कुठल्याही जिवंत माणसाकडे जाता कामा नये. त्रिसरण-पंचशील झाल्यावर मला या जिन्याने खाली न्यावं, आणि शालूच्या गाडीपाशी थोडं थांबावं. तिथून पुढे कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवा.

कलम सहा, एका शर्टाविषयी. हा शर्ट माझा नाही, त्यामुळे तो मी कोणाला देऊ शकत नाही. पण त्याबद्दल लिहायचं आहे.

धर्मेंद्र अमरावतीला कॉलेजात होता तेव्हा त्याच्याकडे एकच आकाशी शर्ट चांगला होता. त्याचं कोपर फाटलं. माझ्याकडे लाल दोरा होता. मी कोपरावर वेल काढून दिली, चांगली मनगटापर्यंत नेली. होस्टेलच्या पोरांनी त्याला "नवरीबाई" म्हणून चिडवलं आणि त्याने चैताच्या उन्हातही वरून स्वेटर घातला, हे मला त्याच्या मित्राकडून फार उशिरा कळलं. शर्ट त्याने फेकून दिला असेल असं मी धरून चालले होते.

कोंडलेलं माणूस कपाटं आवरतं. परवा त्याच्या कपाटात फायलींच्या मागे वर्तमानपत्रात बांधलेलं काही लागलं. तोच शर्ट. धुतलेला, घडी घातलेला. वेल जशीच्या तशी आहे, तिच्या शेजारी कापड नव्याने फाटलेलं आहे. मी तो मांडीवर घेऊन खूप रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग तो होता तसा परत बांधून ठेवला. फाट मी शिवली नाही. लाल दोरा ओवलेली सुई मात्र कोपरापाशी टोचून ठेवली आहे. धर्मेंद्र, तुला धावदोरा येतो. तू पहिलीत असताना मीच शिकवला होता. ती फाट तू शिवायची आहेस, सुलट बाजूने.

कलम सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खुशालराव गुरुजींनी करावी. अस्सल प्रत सह्या झाल्यावर त्यांच्याकडे राहील.

दुसरी प्रत मी माझ्या हाताने उतरवली आहे. ती आज दाराच्या आतल्या पडद्याला लाल दोऱ्याने शिवून ठेवते. चारी बाजूंनी काज टाका, अक्षरांची बाजू दाराकडे. संध्याकाळी किल्ली फिरवून जो आत येईल, त्याच्या डोळ्यांसमोर ती येईल. कागद काढायचा तर टाके उसवावे लागतील, आणि उसवताना वाचावंच लागेल.

धर्मेंद्र, शेवटचं तुला लिहिते. कायद्याने मी जिवंत असेपर्यंत हा कागद मला रद्द करता येतो, असं गुरुजी सांगतात. उद्या सकाळी तुम्ही दोघं कामावर निघाल, तेव्हा दार नुसतं ओढून घ्या. मी पळून जाणार नाही. जिना धरून धरून उतरेन, शालूच्या गाडीपाशी बसेन आणि तुम्ही यायच्या आत वर येऊन कुकर लावेन. उद्या किल्ली फिरल्याचा आवाज आला नाही, तर अस्सल प्रत गुरुजींकडून परत घेऊन हे मृत्युपत्र मी तुझ्यासमोर माझ्या हाताने फाडीन. जन्मात तेवढी एकच फाट अशी असेल की जिला मी टाका घालणार नाही.

ठिकाण : अमरावती, कुलपाच्या आत.
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, दुपार.

सही : पंचफुला बुधाजी रायबोले

साक्षीदार :

आम्ही खाली सह्या करणारे असं लिहून देतो की, श्रीमती पंचफुलाबाई यांनी गॅलरीत जाळीच्या आत उभं राहून, कागद आम्हाला दिसेल असा जाळीला टेकवून, आमच्यासमोर सही केली. आम्ही खाली गल्लीत होतो. वर जाऊन बघितलं, दाराला कुलूप होतं. त्यानंतर कागद टोपलीतून खाली आला आणि त्या वरून पाहत असताना आम्ही त्यावर सह्या केल्या. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. शाई पुसट लागली म्हणून मी, खुशालराव, पेन झटकला तेव्हा त्यांनी मला वरून दटावलं की कागदावर डाग पाडू नका.

१. खुशालराव, निवृत्त शिक्षक, राहणार समोरचं घर.

२. जमुनाबाई, भाजी विक्री, हातगाडी. (सही मराठीत. मजकूर गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवला, समजला.)